अश्वराजांच्या मुखी काय घालावे

बाबा,

आपल्या घरी पुन्हा एकदा घोडा आला आहे आणि तो माझे ऐकत नाही. या वाक्याच्या पूर्वार्धाने तुम्हाला हर्ष होईल आणि उत्तरार्धाने यत्किंचितही आश्चर्य वाटणार नाही, याची मला खात्री आहे. माझी आज्ञा शिरसावंद्य मानणारा एकही सजीव आजवर माझ्या पाहण्यात आलेला नाही. घोलवडच्या माझ्या रोपवाटिकेतली चिकूची कलमे तेवढी मी ठेवीन तेथे राहतात, आणि तीही केवळ पाय नसल्यामुळे. घोडा काठियावाडी आहे. कानांची टोके वर एकमेकांस भिडलेली, रंग जुन्या तांब्याच्या हंड्यासारखा आणि छाती एवढी रुंद की तो तबेल्याच्या दारात उभा राहिला म्हणजे दार वेगळे लावावे लागत नाही. बळाचे तर विचारू नका. मी लगाम ओढतो, तो मान लांबवून माझ्या दुप्पट ओढतो, आणि या शास्त्रार्थात प्रत्येक वेळी त्याचाच पक्ष ग्राह्य धरला जातो. तेव्हा प्रश्न असा आहे की, अशा बलाढ्याच्या तोंडात कोणते कडियाळे घालावे? लगामाचा जो लोखंडी भाग घोड्याच्या जिभेवर बसतो तो म्हणजे कडियाळे, हे टांगेवाल्याच्या मुलाने टांगेवाल्यास समजावणे म्हणजे मर्यादातिक्रम होईल. शिवाय आमच्यासमोर तुम्ही त्याला कडियाळे कधी म्हटलेच नाही. तुम्ही म्हणत असा, 'खलीन'.

हा शब्द तुम्हाला एका प्रवाशाकडून मिळाला होता. संस्कृतचे ते वृद्ध मास्तर घोलवड स्टेशनवर उतरत आणि तुमच्या शेजारी पुढच्या बाकावर बसून बोर्डीच्या शाळेत जात. वाटेत तुम्ही त्यांना घोडीचे गुण सांगावेत आणि त्यांनी तुम्हाला घोडीच्या सामानाची देवभाषेतली नावे सांगावीत, असा तुमचा विद्याविनिमय चाले. चाबूक म्हणजे प्रतोद. लगाम म्हणजे वल्गा. तोंडातले लोखंड म्हणजे खलीन, किंवा कविका. त्यातला 'कविका' तुम्ही तत्काळ नामंजूर केलात. "ते कवीच्या तोंडात घालायचं असेल," असे तुमचे मत पडले, आणि मास्तर सुरूच्या बनापर्यंत हसत राहिले. त्यानंतर आपल्या अंगणातल्या त्या हाडकुळ्या, पांढऱ्या घोडीला तुम्ही 'महाराणी' म्हणू लागलात, आणि टांगा सुटताना "महाराणी, प्रस्थान करावे," अशी घोषणा स्टेशनाबाहेर दुमदुमू लागली. मागच्या बाकावर बाजाराला निघालेल्या बाया पदरात तोंड लपवून हसतात. एक म्हणते, "ओ टांगेवाले, घोडी तुमची भटजीकडं शिकली काय?" तुम्ही मागे न पाहता उत्तर देता, "ती शिकली. मी अजून नापास." माझ्या भाषेला आज लोक जी नावे ठेवतात, तिची वंशावळ ही अशी आहे. रोपवाटिकेत गिऱ्हाइकाला मी "या कलमास अपत्यवत् जपावे" असे सांगतो तेव्हा गिऱ्हाईक माझ्याकडे संशयाने पाहते. तुम्ही पाहिले नसते. तुम्ही त्यात आणखी एक विशेषण घातले असते.

थंडीतल्या सकाळी तुम्ही खलीन घेऊन स्वयंपाकघरात येत असा. गार लोखंड घोडीच्या जिभेला लागू नये म्हणून ते चुलीच्या उबेला धरायचे, आणि आईचा रोजचा आक्षेप सुरू व्हायचा. "चहाच्या आधणाशेजारी घोडीचं उष्टं नको." तुमचे म्हणणे असे की, ते धुतलेले आहे. आईचे म्हणणे असे की, धुतले तरी उष्टे ते उष्टेच राहते. मग तुम्ही वादाचा निर्णय लावण्यासाठी ते लोखंड सरळ स्वतःच्या तोंडात आडवे धरता, डोळे मिटता, आणि वैद्य नाडी पाहतो तशा गांभीर्याने मान हलवता. आई कपाळावर हात मारते. नवीन खलीन घरात आले की ते आधी तुमच्या मुखात, मग महाराणीच्या. एकदा चारही बाजूंनी गुळगुळीत दिसणारे एक खलीन तुम्ही असेच पारखून पसंत केलेत आणि घोडीने ते दुसऱ्याच वळणावर थुंकून टाकले, तेव्हा तुम्ही खजील होऊन म्हणालात, "तिची जीभ माझ्याहून जाड निघाली." तुमचे शास्त्र परिपूर्ण होते असे मी कोठेही लिहिणार नाही. परंतु प्रयोग तुम्ही आधी स्वतःवर करत होता, हे लिहिणे भाग आहे. आणि मी कॉलेजात जाऊ लागल्यावर प्रथमच वल्गा हाती घेऊन ऐटीत खेचली, त्या दिवशीचे तुमचे वाक्य अद्याप माझ्या मनगटात आहे. "अरे, लगाम आहे तो. विहिरीचा दोर नाही."

आता वर्तमानाकडे येतो. गेल्या महिन्यात मी अश्वराजांवर आरूढ होऊन बोर्डीच्या किनाऱ्यावर प्रातःकालीन विहारास निघालो. बोर्डीपुरताच विहार योजला होता. अश्वराजांची योजना निराळी होती. कोणाच्या तरी कुत्र्याने भुंकण्याचे निमित्त झाले, त्यांनी लगाम दातांत धरल्यासारखी मान ताणली, आणि मी दोन्ही हातांनी, दोन्ही पायांनी, शेवटी कुलदेवतेच्या साहाय्याने ओढत असताना ते मला थेट झाईपर्यंत घेऊन गेले. पुढे खाडी नसती तर माझा गुजरात राज्यात प्रवेश झाला असता आणि तोही विनापरवाना. थांबले ते एका वलांडीपाशी, म्हणजे बोंबील वाळत घालण्यासाठी बांबूंची जी लांबच लांब दांडी बांधतात तिच्यापाशी. पैकी अर्धी वलांडी त्यांनी थांबण्यापूर्वीच आडवी केली होती. एक कोळीण कमरेवर हात ठेवून आली. तिने प्रथम बोंबलांकडे पाहिले, मग घोड्याकडे, सर्वांत शेवटी माझ्याकडे.

"ओ शेट, घोडा तुमचा का तुम्ही घोड्याचे?"

"बाई, तूर्त तो वाद न्यायप्रविष्ट आहे," मी म्हणालो.

"मंग उतरा नि बोंबील लावा. निकाल लागंपरत."

मी उतरलो आणि बोंबील लावले. माझे बोंबील लावणे पाहण्यासाठी आणखी चार बाया जमल्या. परतताना मी लगाम धरून संपूर्ण किनारा पायी तुडवला, आणि अश्वराज माझ्या खांद्यामागून असे शांतपणे चालत होते की, येणारेजाणारे म्हणाले असतील, काय गुणी जनावर आहे!

घरी तुमच्या सुनेने माझ्या गुडघ्याला तेल चोळता चोळता निर्वाणीचा इशारा दिला. "अहो, या वयात हाड मोडलं की जुळत नाही. लग्नसराई लागायच्या आत काय ते ठरवा. एक तर तो थांबेल असं काहीतरी त्याच्या तोंडात घाला, नाहीतर त्या तलासरीच्या माणसाला देऊन टाका." तलासरीचा माणूस म्हणजे वरातींना घोडे पुरवणारा एक गृहस्थ. त्याने आमचा घोडा एकदा पाहिला आणि तेव्हापासून त्याच्या डोळ्यांसमोर नवरदेव बसलेले दिसू लागले आहेत. त्याच्याकडच्या घोड्यांच्या तोंडात काटेरी कडियाळे असते. आतल्या बाजूस खिळ्यांसारखी टोके. कायद्याने त्यास बंदी आहे, आणि वरातीच्या डीजेपुढे कायदा ऐकू येत नाही. त्याला मी विचारले की, माझ्या घोड्याचे काय कराल? "तुम्ही काळजीच सोडा. माझ्याकडे आला का चार दिवसांत गाय," तो म्हणाला. बाबा, मला गाय नको होती. त्या रात्री मी जेवलो नाही, आणि तुमच्या सुनेने ते गुडघ्याच्या खात्यावर टाकले.

म्हणून मी उंबरगावकडून येणाऱ्या एका सामानवाल्याला बोलावले. खोगीर, पट्टे, घुंगुरमाळा, सगळे जीपमध्ये भरून तो गावोगाव हिंडतो. मराठी बोलतो, पण क्रियापदाशी पोहोचेपर्यंत गुजरातीत गेलेला असतो. त्याने अश्वराजांना एकवार पाहिले आणि पिशवीतून तेच काटेरी यंत्र काढले. "शेठ, टेन्शन नको घेऊ. आ नाखो, एटले घोडो सीधो दोर." म्हणजे हे घाला, की घोडा दोरीसारखा सरळ. मी म्हणालो, हे मला नको, काटे नसलेले, परंतु बळकट घोड्यास पुरेल असे काही दाखवा. तो खांदे उडवून म्हणाला, पुरेल की नाही ते माप घेतल्यावाचून कसे कळेल, आणि मग, अगदी सहज, घोड्याच्या तोंडाकडे बोट करून म्हणाला, "पहेलां तो चोकडुं काढो."

मी विचारले, "काय काढू?"

"चोकडुं, शेठ, चोकडुं. आ मोंमां छे ते." आणि त्याने कडियाळ्यावर नखाने टिचकी मारली.

बाबा, मी मागे सरकलो आणि मातीच्या पिशव्यांवर बसलो. सामानवाल्याला वाटले, शेठला चक्कर आली. त्याने पाणी मागवले.

तुम्हाला तो दिवस कसा आठवत असेल, हे मला ठाऊक नाही. आम्हाला तो आजवर फार सुंदर आठवत होता. तुमच्या उजव्या अंगावरून वारे गेले होते. टांगा तर केव्हाच बंद पडला होता, स्टेशनाबाहेर रिक्षा लागत होत्या. महाराणी मात्र अंगणात होती. तुमची वाचा गेली, ती थोडीथोडी परतली, पण परतताना मास्तरांनी दिलेला एकही शब्द तिने बरोबर आणला नाही. प्रतोद नाही, वल्गा नाही, खलीन नाही. त्या दिवशी सकाळी तुम्ही खाटेवरून खिडकीबाहेर पाहत एकच रट लावलीत. "चोकडं... काढ. चोकडं काढ." आईने कान तोंडाशी नेला. मीही नेला. आपल्याकडचे गुजराती बोलणारे चारोटीच्या नाक्याला चोकडी म्हणतात, चार रस्त्यांची म्हणून; आणि 'काढ' म्हटले की आपण सारे गाडीच काढतो. आईचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "त्यांना चारोटीला जायचंय. महालक्ष्मीचा डोंगर दिसतो तिथून. गाडी काढ." मी शेजाऱ्याची जीप आणली. तुम्हाला उचलून पुढे बसवले. तुम्ही डाव्या हाताने जीपचे दार धरून ठेवलेत, आत येईनात; आम्ही म्हणालो, किती हा आनंद!

चारोटीला ट्रकच्या रांगांसमोर जीप लावून आम्ही तुम्हाला बशीतून चहा पाजला, कांदाभजीचा मऊ भाग भरवला, डोंगराकडे तोंड करून हात जोडून दिले. तुम्ही डोंगराकडे पाहिले, ट्रककडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. आणि पुन्हा म्हणालात, "चोकडं." "हो बाबा," मी म्हणालो, "चोकडीच आहे. आलो आपण." तुमच्या चेहऱ्याची जी बाजू हलत होती तिच्यावर जे उमटले, त्यास आई समाधान म्हणाली, आणि आमच्या घरी आजतागायत त्याला समाधानच म्हणतात. संध्याकाळी परत आलो तेव्हा महाराणी गवतासमोर उपाशी उभी होती. शेजारच्या वाडीतला एकजण सकाळी तिला किनाऱ्यावर फिरवून आणून, लगाम न उतरवताच, तुमच्या खिडकीसमोर बांधून गेला होता. आईने पुटपुटत तिच्या तोंडातले लोखंड काढले. तुम्ही खिडकीतून ते पाहिलेत आणि झोपलात. दिवसभराच्या प्रवासाने दमले, असे आम्ही म्हणालो. तुम्ही झाईच्या बाजूला वाढलात, सीमेवर, आणि आमच्या जन्माआधी घोड्यांत वावरताना तुमच्या तोंडी हाच शब्द असणार, हे कोणाच्या ध्यानात यावे? आमच्यासमोर तुम्ही खलीन म्हणत होता. एवढे भारदस्त बोलणारा मनुष्य आजारपणात तेवढ्याच भारदस्तपणे काही मागेल, अशी आमची अपेक्षा होती.

मी हसलो, बाबा. पिशव्यांवर बसून, पाण्याचा पेला हातात धरून, सामानवाला पाहत असताना मी इतका हसलो की, तुमची सून घरातून बाहेर आली. आणि मग तिने मला आत नेले, कारण तोपर्यंत ते हसणे उरले नव्हते. तुम्हाला विचारावे असे वाटले: त्या ट्रकसमोर बसून तुम्ही मनात आम्हाला काय म्हणालात? तुमच्या जागी मी असतो तर मला एखादे फार उत्तम विशेषण सुचले असते, आणि ते उच्चारता येत नाही म्हणून मी तळमळलो असतो.

चोकडुं काढले. आत पाहिले तर ओठांचे दोन्ही कोपरे सोललेले, आणि जिभेखालच्या हाडावर, जेथे दात नसतात आणि कडियाळे बसते, तेथे निळसर वण. कडियाळे अरुंद होते; पातळ तर होतेच. मध्ये एकच सांधा असल्याने मी ओढले की ते मिटत्या अडकित्त्यासारखे जिभेला चिमटत होते आणि सांधा टाळूला टोचत होता. तो माझ्याविरुद्ध ओढत नव्हता. दुखण्यापासून पळत होता, आणि दुखणे त्याच्याबरोबरच धावत होते. काही दिवस मी तोंडात काहीच घातले नाही. साध्या म्होरकीने, दोर लावून त्याला वाडीत फिरवले. तो चिकूच्या झाडांखालून माझ्याबरोबर हिंडला आणि दोन कलमे खाल्ली, जी मी पथ्य म्हणून मान्य केली.

जखमा भरल्यावर सामानवाला पुन्हा आला. एक सरळ दांडीचे कडियाळे अश्वराजांनी जीभ बाहेर टाकून नापसंत केले. दुसरे जाड होते, परंतु त्यांच्या तोंडात मावेना. तिसरे माझ्या बोटाएवढे जाड, जुन्यापेक्षा एका बोटाने रुंद आणि तीन तुकड्यांचे; मधला तुकडा चपटा, गोलसर, जिभेवर पसरून बसणारा. मी ते स्वयंपाकघरात नेले, गॅसशेजारी उबेला धरले, आणि मग, कोणी पाहत नाही याची खात्री करून, तोंडात घातले. खात्री अपुरी होती.

"दात घासलेत का?" तुमची सून दारातून म्हणाली.

"कोणी? मी की त्याने?"

"त्याने. तुमचं तर मला ठाऊक आहे."

लोखंडाची चव मीठ कमी पडलेल्या आमटीसारखी असते, हे तुम्ही कधी सांगितले नव्हते. त्या सकाळी आम्ही बोर्डीच्या किनाऱ्यावर गेलो. तुमची सून सुरूच्या झाडाखाली उभी राहिली, फोन हातात, बहुधा डॉक्टरांचा नंबर उघडा. कुत्रे भुंकले, तेच कुत्रे असावे. अश्वराजांनी मान ताणली, आणि माझे दोन्ही हात सवयीने मागे निघाले. मी ते तेथेच थांबवले. सर्व आयुष्यात एवढे कठीण काम मी केलेले नाही. बोटे मिटली, उघडली, पुन्हा मिटली. लोखंड तोंडात हलले, टोचले नाही. घोड्याने एक कान माझ्याकडे वळवला, जणू कोण आले आहे ते पाहावे, आणि धावणे चालण्यात उतरवले. तुमच्या सुनेने फोन पर्समध्ये टाकला आणि घरी जाताना तलासरीच्या माणसाचा फोन आला तेव्हा त्याला तीच म्हणाली, "नाही हो, आमच्या ह्यांना जमलं." हे वाक्य आमच्या विवाहाच्या इतिहासात अभूतपूर्व आहे.

हे पत्र मी टाकणार नाही. तुमच्या सध्याच्या मुक्कामाला पिनकोड असल्याचे माझ्या ऐकिवात नाही, आणि असता तरी टपाल चारोटीमार्गे गेले असते व तुम्ही ते परत पाठवले असते. मात्र एक गोष्ट कोणास सांगितलेली नाही, ती येथे लिहितो. काल सामानवाल्याचा फोन आला, "शेठ, घोडो केम छे?" घोडा उत्तम आहे. कडियाळे इतके बेतशीर बसले आहे की, त्यात सुधारणेस जागा नाही. तरी मी गंभीर स्वरात म्हणालो की, तूर्त काम चालले आहे, परंतु पूर्ण समाधान झालेले नाही. पुढच्या फेरीत आणखी एक-दोन प्रकार दाखवायला आणावेत. तो "हो शेठ, लावीश" म्हणाला, म्हणजे आणीन. मी फोन ठेवला. बाबा, कडियाळे ठरले की तुम्हाला विचारण्यासारखे माझ्याजवळ काही उरत नाही.